शेवंतीसाठी दोन गुंठे

"ती भाईर येनार न्हाई."

मामा कधी येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले मला कळलंच नव्हतं. अंगात खाकी शर्ट, पायात गमबूट, हातात चहाचा कप आणि नजर माझ्या लॅपटॉपवर. स्क्रीनवर माझी बिबट्याची मादी धबधब्याशेजारच्या खडकावर ऐटीत बसून शेपटी हलवत होती.

"मामा, बाहेरच तर आहे ती. ही काय."

"ही न्हाई गं. ही बाहुली हाय. आमची म्हनतोय मी. शेवंती."

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणितात मी सपशेल आपटले होते. फेरपरीक्षेला दोन महिने होते आणि आईने मला उचलून मामांच्या गावी आणून टाकलं होतं. "तिथे मोबाइलला रेंज नाही, अभ्यास होईल," असा तिचा हिशेब. गेम एकदा उतरवून घेतला की त्याला रेंज लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कशाला सांगू?

तो गेम प्राणिसंग्रहालय बांधायचा होता. नुसते पिंजरे ठेवायचे नाहीत. जमीन उंचसखल करायची, माती रंगवायची, झाडं लावायची, पाणी सोडायचं, आणि त्या प्राण्याला आपल्या मुलखात असल्यासारखं वाटेल अशी जागा तयार करायची. प्राण्यावर टिचकी मारली की शेजारी पट्ट्या उघडायच्या. जमीन, झाडी, पाणी, आडोसा, करमणूक. हिरवी पट्टी म्हणजे जनावर खूश, लाल म्हणजे नाखूश. माझ्या बिबट्याच्या सगळ्या पट्ट्या हिरव्यागार होत्या. शंभरात शहाण्णव गुण. गणितात मला त्याच्या पाव हिश्शाएवढेही पडले नव्हते.

रंगनाथमामा वन खात्यात वनमजूर होते. गावापासून तीन किलोमीटरवर बिबट्यांचं निवारा केंद्र होतं. उसाच्या पट्ट्यात सापडलेली, विहिरीत पडलेली, गाडीखाली येऊन लंगडी झालेली जनावरं तिथे आणून ठेवत. मामा त्यांना खायला घालत, पिंजरे धूत. शेवंती त्यांपैकीच एक. नऊ वर्षांची. अगदी पिल्लू असताना आलेली आणि तेव्हापासून दहा बाय बाराच्या पिंजऱ्यात. ऑफिसच्या कागदांवर तिचं नाव बी-सात होतं. शेवंती हे मामांनी ठेवलेलं.

"बाहेर म्हणजे कुठे येणार नाही?" मी विचारलं.

मामा खाटेवर टेकले. केंद्रात नवीन मोकळं आवार बांधलं होतं, अर्ध्या एकराचं. पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी आखलेलं. खडक, धबधबा, जंगलातली झाडं, सगळं. ते शेवंतीला द्यायचं ठरलं होतं. तिला तिथे आणलं, आवाराला लागून असलेल्या छोट्या खोलीत ठेवलं आणि सरकतं दार उघडलं. त्याला बावीस दिवस झाले होते. शेवंतीने उंबऱ्याबाहेर एक पंजादेखील टाकला नव्हता.

"शनिवारी रेंजरसाहेब आन् त्या मॅडम येनारेत बघायला. तवर आली भाईर तर ठीक. न्हाईतर ती जागा बी-अकराला देनार. मोठा नर हाय, त्यो जाईल लगेच."

"आणि शेवंती?"

"मागं. दहा बाय बारा." मामांनी चहा संपवला. "दुसरं आवार काय हुनार न्हाई. मरूस्तवर तितंच."

मग ते पुन्हा उठून स्क्रीनजवळ आले आणि वाकून धबधब्याकडे बघत राहिले.

"तेजे, ह्याच्यात आपल्याला पाहिजे तसं करता येतं का?"

"हवं तसं."

"मंग मला एक जागा करून दे. मला चित्र काढता येत न्हाई, आन् तोंडानं सांगाया गेलो की साहेबाफुडं जीभ टाळ्याला चिकटती. ह्याच्यावर दावता येईल."

तो बुधवार होता. आमच्या हातात तीन दिवस होते. मी गणिताचं पुस्तक उशीखाली सारलं, ते पुढे बरेच दिवस तिथेच राहिलं.

"पयला धबधबा काढ."

"मामा! त्याला चार दिवस लागलेत मला."

"काढ. पानी सारखं पडतंय. मागनं कोन आलं तर त्या जनावराला ऐकू येईल का? बिबट्या कानावर जगतो पोरी. कान बंद झाले की त्यो भिंतीला पाठ लावून बसनार. आमची बसती तशी."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी वर्षभर तो गेम खेळत होते, जगातल्या अर्ध्या प्राण्यांना घरं बांधून दिली होती, पण प्राण्याला ऐकू काय येत असेल हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. गेमनेही मला विचारला नव्हता. मी धबधबा पुसला.

"आता खडक काढ. दुपारी तापतो त्यो. ह्या कोपऱ्यात उंबर लाव. हितनं पाट जाऊ दे, लहान, हातभर रुंद. हितं बांध."

"बांध कशाला? ही काय शेती आहे?"

"लाव तर."

मी लावला. बांध झाला, पाट झाला, उंबराच्या जागी त्यातल्या त्यात त्याच्यासारखं दिसणारं एक झाड आलं. मग मामा म्हणाले, "आता ऊस लाव."

मी झाडांची यादी उघडली. आफ्रिकेतली झाडं होती, बर्फातली होती, वाळवंटातली होती. जगभरचे निवडुंग होते. ऊस नव्हता.

"म्हंजे? ऊस न्हाई? कोनी बनवलंय हे?"

"बाहेरदेशी बनवलंय, मामा."

"मंग त्यास्नी काय म्हाईत." मामांनी त्या लोकांना तिथल्या तिथे माफ करून टाकलं. "दुसरं काय हाय उंच? पातीचं?"

शेवटी एक बारीक बांबू आणि एक उंच गवत मिसळून मी काहीतरी उसासारखं केलं. मला ते छान विखरून लावायचं होतं. गेममध्ये झाडं ओळीत लावली की खोटी दिसतात, हे त्यातलं पहिलं शहाणपण. मी मूठ-मूठ टाकत गेले आणि मामांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"अशी कशी लावतीस? सरीनं लाव. चार फुटाची सरी. सरीत बसलं की थेट बांधापर्यंत दिसतं तिला. आन् तिला कोन बगत न्हाई."

मी सऱ्या पाडायला लागले. ओळीमागून ओळ, सगळ्या सारख्या. इतकी बेढब जागा मी आजवर बांधली नव्हती. मामा मात्र श्वास रोखून बघत होते. स्क्रीनवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटून बिबट्या धूसर झाला होता.

अलकामामी दारातून डोकावल्या. "दोघंबी खुळावलीत. परसातल्या वांग्यांना पानी घालाया येळ न्हाई ह्या मानसाला, आन् हितं खोट्या उसाची लागन चाललीय."

"गप गं," मामा म्हणाले. पण मामी लगेच गेल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग आत गेल्या.

गुरुवारी मामांच्या मागण्या आणखी चमत्कारिक झाल्या. बांधाच्या कडेला मोटरची खोपी हवी. दार निळं हवं. खोपीशेजारी विजेचा खांब हवा.

"खांब वाकडा कर जरा. हिकडं. अजून. बास."

"वाकडा का?"

"आसतो वाकडा."

"मामा, बिबट्याला खांब सरळ असला काय नि वाकडा असला काय, काय फरक पडतो?"

मामांनी ऊस मोजायला घेतला. ऊस सगळीकडे नको, फक्त खोपीपासून उंबरापर्यंत, दोन गुंठ्यांत बसेल एवढाच. बाकीची जमीन मोकळी. मी म्हटलं, झाडी जास्त असली तर बिबट्याला बरंच की. ते म्हणाले, "दोनच गुंठं." त्यांचा आवाज असा होता की मी पुढे वाद घातला नाही. मी चिकित्सक मुलगी आहे, एखादी गोष्ट कळली नाही तर मला जेवण जात नाही. पण मामांना तेवढ्यापुरतं सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी मी बिबट्याच्या मादीला त्या नव्या जागेत सोडलं. ती कुंपणाच्या कडेकडेने फेऱ्या मारायला लागली. मी तिच्यावर टिचकी मारली. जमीन लाल. झाडी लाल. आडोसा पिवळा. करमणूक लाल. शंभरात एक्केचाळीस.

"काय म्हनती?" मामा मागून म्हणाले. ते नुकतेच ड्यूटीवरून आले होते, त्यांना अजून काही दिसलं नव्हतं.

मी पट्ट्या बंद केल्या. "म्हणते बरं आहे."

"बरं म्हनती?"

"हो. खूश आहे."

मामांचा चेहरा फुलला. त्यांनी आत जाऊन मामींनाही सांगितलं, "यंत्र बी म्हनतंय बरोबर हाय." ते मला ऐकू आलं. खरं सांगायला मला अजून अख्खी संध्याकाळ होती. मी सांगितलं नाही. उद्या साहेबांना फक्त जागा दाखवायची, पट्ट्या उघडायच्याच नाहीत, असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी अकरा वाजता आम्ही केंद्राच्या ऑफिसात होतो. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेंजर देसलेसाहेब खुर्चीत होते. धिप्पाड, खानदेशी, बोलायला मोकळा माणूस. शेजारी आर्किटेक्ट पोंक्षे मॅडम, चाळिशीच्या, खांद्यापर्यंत केस, बुटांना चिखल. त्या सकाळीच शेवंतीला बघून आल्या होत्या. शेवंती खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसली होती.

"रंगनाथ म्हणतात त्यांना काही दाखवायचंय," साहेब म्हणाले. "ही भाची का? दाखव बाळा."

मी लॅपटॉप फिरवला. कॅमेरा वरून खाली आणला. उंबर, पाट, बांध, ऊस, निळ्या दाराची खोपी.

साहेब थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रंगनाथ, हे तर शेत आहे."

"व्हय साहेब."

"अहो, बिबट्याला जंगल द्यायचं सोडून शेत? उद्या वरून कुणी आलं, शाळेच्या सहली आल्या, तर काय सांगू? वन खात्यानं ऊस लावलाय?" ते हसले. त्यात कुचेष्टा नव्हती, त्यांना खरंच हसू आलं होतं. "मॅडमनी केवढं नैसर्गिक केलंय सगळं."

"साहेब, ती जन्मली उसात. तिची आई बी उसातलीच आसंल. जंगल तिनं बगितलंच न्हाई, तर ते तिला नैसर्गिक कसं?" मामा एका दमात बोलले. रात्री पाठ केलं असावं. "आन् ह्या पोरीच्या यंत्रात बी बिबट्या खूश हाय. त्यात कळतं तसं."

"मी बघू?" पोंक्षे मॅडमनी माउस स्वतःकडे ओढला.

मॅडमनी कॅमेरा सरावाने फिरवला, एक बटण दाबलं आणि बिबट्यावर टिचकी मारली. त्यांना ते कसं ठाऊक, असा विचार माझ्या मनात येईपर्यंत पट्ट्या उघडल्या होत्या.

"मीही खेळते हा गेम," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कामाच्या नावाखाली. एक्केचाळीस आहे हे. लाल आहे सगळं."

मामांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तू म्हनलीस बरं म्हनती."

खाली फरशीवर एक मुंगळा चालला होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. लाज म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. गणितात आपटले तेव्हा ती वाटली नव्हती.

"चल पोरी," मामा उठले. "साहेब, तुमचा येळ घालवला. माफी करा."

साहेब "असू दे, असू दे" म्हणाले. ते समोरची फाइल ओढायला लागले आणि बी-अकराला सोमवारी हलवू, असं काहीतरी मॅडमना म्हणाले. म्हणजे संपलं होतं. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"थांब जरा," पोंक्षे मॅडम म्हणाल्या. त्या अजून स्क्रीनकडेच बघत होत्या. "हा खांब वाकडा का आहे?"

साहेबांना पुन्हा हसू आलं.

"नाही, खरंच विचारतेय. उद्या नवं काही बांधायचं म्हणून कुणी जागा आखतं तेव्हा खांब सरळ आखतं. वाकडा खांब आखत नाहीत, तो पाहिलेला असतो. ही जागा कुठली आहे, रंगनाथ?"

मामा दारापर्यंत गेले होते. ते परत आले, पण बसले नाहीत. टोपी काढून हातात धरली.

"शेळक्यांचं रान, साहेब. खालच्या आळीचं. आता तितं फळबाग हाय."

"बरं, मग?" साहेबांनी विचारलं.

"नऊ वर्सं झाली. उसाची तोड चाललेली. तोडनाऱ्या बायांना एक पिल्लू घावलं. एवढं." मामांनी वीतभर अंतर दाखवलं. "मी नवा व्हतो, सहा म्हैनं झालेले. तवाच्या साहेबांनी सांगितलं, पिल्लू खोक्यात घालून अंधार पडायच्या आत जिथल्या तिथं ठेव, आन् लांब हो. आई येती आन् उचलून नेती. नेमच हाय तो."

"हो, तसंच करतो आपण अजून," देसलेसाहेब म्हणाले.

"मी ठेवलं. सगळा ऊस तोडून झालेला, खोपीपासनं उंबरापर्यंत दोन गुंठं तेवढा उभा राहिलेला. त्याच्या कडंला, खांबाच्या बुडाला खोकं ठेवलं. पौषातली थंडी. पिल्लू थडथड उडत व्हतं. मला न्हाई बगवलं, साहेब. मी म्हनलं, एक रात घरी नेऊ, शेकवू, दूध पाजू आन् उद्या सांजच्याला आनून ठेवू. एका रातीनं काय हुतंय? मफलरीत गुंडाळून घरी आनलं. बायकोनं चुलीपशी ठेवलं."

टोपी या हातातून त्या हातात गेली.

"ती आली व्हती. आई. करवतीनं लाकूड कापल्यागत आवाज करत्यात त्या. आमचं घर काय लांब न्हाई तितनं. फाटंपर्यंत ती हाका मारत व्हती. मी आन् बायको, दोघं बी ऐकत व्हतो. पिल्लू बी चुलीपशी कान टवकारून बसलेलं. उठून जायाची छाती झाली न्हाई. सकाळी गेलो तर रिकाम्या खोक्याभवती पावलंच पावलं. मंग तीन राती पिल्लू ठेवलं तितं. पुन्ना आली न्हाई ती."

मामा साहेबांकडे वळले.

"कागदावर आसं हाय, की आई आलीच न्हाई. मीच सांगितलं तसं. साहेब, मला काढायचं तर काढा. पन ती जागा तिनं बगितलेली हाय. डोळं उघडल्यापास्नं तेवढीच बगितलीय. तेवढं दोन गुंठं तिला द्या."

मला अलकामामींचं पदराला हात पुसत स्क्रीनकडे बघणं आठवलं. त्यांनी ती जागा ओळखली होती.

देसलेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नऊ वर्षांनी हे सांगताय," ते म्हणाले.

पोंक्षे मॅडमनी वही उघडली होती. "मी धबधबा घातला," त्या म्हणाल्या, मला वाटतं स्वतःलाच. "लोकांना आवडतो म्हणून घातला." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "तिला आठवत असेल असं मी म्हणणार नाही. एवढ्याशा पिल्लाला काय आठवतं, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण मला बघायचंय. ऊस यायला मात्र वर्ष लागेल ना?"

"खोडवा उचलून आनतो, मॅडम. तोडलेल्या उसाचा फुटवा. ह्या टायमाला छातीएवढा झालेला आसतोय. मुळासकट, मातीसकट बेटं काढायची. सगळी न्हाई जगायची, पन जगतील. धा दिवस द्या."

मॅडमनी साहेबांकडे बघितलं.

"दहा दिवस," देसलेसाहेब म्हणाले. "एक कोपरा. अकराव्या दिवशी बी-अकरा. आणि ते कागदाचं..." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "त्याबद्दल लेखी द्यावं लागेल तुम्हाला. ते मी सोडणार नाही."

"देतो, साहेब."

परत येताना मोटारसायकलवर मी मामांच्या मागे बसले होते. अर्धा रस्ता गेल्यावर म्हटलं, "मामा, मी खोटं बोलले."

"व्हय."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मंग? मी तरी पिल्लू कशापायी उचललं व्हतं?" मामांनी एक खड्डा चुकवला. "तू एका दिसात घावलीस. नशीब तुजं."

पुढचे तीन दिवस आम्ही ऊस उपटला आणि आवारात आणून लावला. मामांच्या एका मित्राचा खोडवा होता, त्याने बांधावर उभं राहून आम्हाला वेड्यात काढलं आणि ट्रॅक्टरची ट्रॉलीही दिली. पावणेतीनशे बेटं. मामा, मामी, केंद्रातले दोघे आणि मी. उसाची पात कापते हे मला ठाऊक होतं, पण कानाच्या मागेही कापते हे नव्हतं. शेवंतीला तेवढे दिवस दार लावून आत ठेवलं होतं. मामी एका दुपारी कुदळ टेकवून त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माज्या चुलीपशी झोपली व्हती ही. मीच म्हनलं व्हतं, ऱ्हाऊ द्या आजची रात." मग पुन्हा खणायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी ऊस मलूल झाला. पाचव्या दिवशी पाती पिवळ्या पडल्या. मामा सकाळ-संध्याकाळ पाट सोडत होते आणि कुणाशी बोलत नव्हते. सातव्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि एका बेटाच्या शेंड्यातल्या पोंग्यातून निघालेलं नवं पातं दाखवलं, करंगळीएवढं. धबधब्याचा पंप मॅडमनी ऑफिसला फोन करून बंद करायला सांगितला होता. खांबाचं कुणी काही बोललं नाही, पण मामांनी कुठूनसा एक जुना लाकडी वासा आणून तिथे रोवला. वाकडा.

दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता सरकतं दार उघडलं. आम्ही जाळीबाहेरच्या आडोशामागे होतो. मामा, साहेब, पोंक्षे मॅडम आणि मी. मामी घरी थांबल्या होत्या. मला बघवणार नाही, म्हणाल्या.

आठ वाजले. नऊ वाजले. उंबऱ्यावर काही नव्हतं. दुपारी देसलेसाहेब ऑफिसात जाऊन जेवून आले. मॅडम जमिनीवरच मांडी घालून बसल्या होत्या. अडीचच्या सुमारास वारा सुटला आणि ऊस सळसळला. दारात एक नाक आलं.

मग कपाळ. मग एक पंजा, उंबऱ्याबाहेर, मातीवर. तो तिने लगेच आत ओढला. मामांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला दुखल्यावर कळलं. बराच वेळ गेला. पुन्हा पंजा आला. या वेळी तो तिथेच राहिला. शेवंती पोट जमिनीला घासत बाहेर आली, मान इकडे नाही, तिकडे नाही, आणि मधली वीसेक पावलांची मोकळी जागा तिने कशी ओलांडली ते मला सांगता येणार नाही. ती होती आणि मग नव्हती. उसाचे शेंडे एका ओळीत हलत गेले, वाकड्या वाशाच्या बाजूला, आणि थांबले.

मॅडम रडत होत्या. मीही रडत होते. साहेब खोकल्यासारखं करून म्हणाले, "भले, रंगनाथ. भले." आणि त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

आम्ही वाट बघितली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सगळे दोन गुंठे डोळ्यांनी विंचरून काढले. पातं हलत नव्हतं.

"काहीच दिसत नाही," साहेब म्हणाले. "एक फोटो तरी हवा रिपोर्टला. रंगनाथ, तुमच्या हाकेला येते ना ती? रोज खायला घालताना जाळीशी येते, मी बघितलंय. मारा बरं एक हाक."

मामा उसाकडे बघत होते. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"एका हाकेला येती, साहेब," ते म्हणाले. "म्हनून तर मारत न्हाई."